घराच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक की कुत्रा?

अनघा_दादर यांचा प्रश्न:

नमस्कार.

माझे आईबाबा मुलुंड पश्चिमेला, राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराकडच्या बाजूला, एका जुन्या बैठ्या घरात राहतात. बाबा ७४ वर्षांचे असून त्यांची बायपास झालेली आहे आणि आई ७० वर्षांची आहे. मी दादरला असते, भाऊ टेक्सासमध्ये. गेल्या पावसाळ्यात त्यांच्याच गल्लीत दोन घरफोड्या झाल्या. त्यांपैकी एका घरात माणसे झोपलेली असताना चोर मागच्या बाजूने आत शिरले. त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी तोडली नव्हती. तिचे स्क्रू बाहेरून काढून ती सबंध जाळी भिंतीला नीट टेकवून ठेवली होती. ते पाहून आल्यापासून आईला रात्री झोप लागत नाही आणि स्वयंपाकघरात भांडे वाजले तरी ती दचकून उठते.

भावाचे ठाम मत आहे की बाबांनी शस्त्राचा परवाना काढावा. कणकवलीजवळच्या आमच्या गावी मोठ्या काकांच्या नावावर शेतीसंरक्षणासाठी घेतलेली एकनळी बंदूक होती. काका दोन वर्षांपूर्वी वारले. बंदूक अजून त्यांच्या घरी माळ्यावर आहे आणि चुलतभाऊ ती बाबांना द्यायला तयार आहे. आईला मात्र कुत्रा हवा आहे, तोही अल्सेशियनसारखा धिप्पाड, ज्याला पाहूनच कोणी फाटकाला हात लावणार नाही असा. बाबांनी आजवर बंदूक हातात धरलेली नाही, पण कुत्र्यांची त्यांना लहानपणापासून सवय आहे.

मुंबईत राहणाऱ्या ज्येष्ठ नागरिकाला केवळ घराच्या संरक्षणासाठी परवाना मिळतो का, गावची बंदूक इकडे आणता येईल का आणि कुत्राच घ्यायचा झाला तर या वयात कोणता झेपेल, याविषयी जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

गिरगावचा_वकील यांचा प्रतिसाद:

अनघाताई, गावच्या बंदुकीपासून सुरुवात करतो, कारण त्यात तातडी आहे. शस्त्राचा परवाना व्यक्तीच्या नावे असतो. घराच्या किंवा कुटुंबाच्या नावे नसतो. परवानाधारक वारल्यावर ते शस्त्र घरात ठेवण्याचा अधिकार संपतो आणि शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे लागते. आपल्या काकांची बंदूक दोन वर्षे माळ्यावर आहे, याचा अर्थ आज ती ज्याच्या ताब्यात आहे तो चुलतभाऊ अडचणीत येऊ शकतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्याबद्दल किमान दोन आणि कमाल पाच वर्षांचा कारावास आहे. ती गाडीत घालून मुलुंडला आणण्याचा विचारही कोणी करू नये. आधी ती रीतसर जमा होऊ द्या. त्यानंतर शस्त्र नियम, २०१६ मधील वारसाविषयीच्या नियमाखाली कायदेशीर वारसाला स्वतःच्या नावाने परवाना मागता येतो, पण तो मिळेलच असे नाही.

मुंबईत परवाना देणारे प्राधिकारी पोलीस आयुक्त आहेत. अर्ज केल्यावर स्थानिक पोलीस ठाण्याकडून चौकशी होते. अर्जदाराचे पूर्वचरित्र, त्याची प्रकृती, शस्त्र मागण्याचे कारण आणि ते ठेवण्याची जागा हे सारे तपासले जाते. शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि ते सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून द्यावी लागते. खरा अडसर कारणाचा असतो. शस्त्र बाळगणे हा आपल्याकडे मूलभूत हक्क नाही आणि शेजारी घरफोडी झाली एवढ्यावरून या विशिष्ट माणसाच्या जिवाला धोका आहे, असे सिद्ध होत नाही. शिवाय निवडणुकीची आचारसंहिता लागली की सूट मिळालेल्यांखेरीज इतर परवानाधारकांना शस्त्र जमा करण्याचे आदेश निघतात, म्हणजे त्या काळात घर पुन्हा शस्त्राविनाच राहते.

आता परवाना मिळालाच असे धरू. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क दिलेला आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी होणारी घरफोडी ही ज्या प्रसंगांत मालमत्तेच्या रक्षणासाठी प्रसंगी जीव घेण्यापर्यंत बळ वापरता येते त्यांपैकी एक असल्याचे कलम ४१ सांगते, आणि पुष्कळ लोक हे अर्धेच वाक्य लक्षात ठेवतात. त्याच हक्काला कलम ३७ ची मर्यादा आहे: रक्षणासाठी आवश्यक तेवढीच इजा करता येते, आणि पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही. भिंत ओलांडून पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी लागली, तर हा बचाव टिकवणे फार अवघड जाते. अंधारात, झोपेतून उठलेल्या ७४ वर्षांच्या माणसाने हा सगळा निवाडा क्षणभरात करायचा आणि नंतर कित्येक वर्षे न्यायालयात त्याची उत्तरे देत राहायचे, हे ओझे मी माझ्या वडिलांवर टाकणार नाही.

निवृत्त_नायगाव यांचा प्रतिसाद:

वकीलसाहेबांनी कायदा नेमका मांडला आहे. मी पोलीस खात्यात गुन्ह्यांच्या तपासाचे काम केलेले असल्यामुळे प्रत्यक्षात काय घडते एवढेच सांगतो.

घरफोडी करणारा बहुधा बंद घर शोधतो. दाराबाहेर साचलेली वर्तमानपत्रे, संध्याकाळनंतरही न लागलेला दिवा, बाहेरून दिसणारे कुलूप, यांवरून तो घर हेरतो. त्यामुळे घरात बंदूक असेल तर ती उपयोगी पडण्याऐवजी, आईबाबा गणपतीला गावी गेलेले असताना, दागिन्यांबरोबर चोरीला जाण्याची शक्यता अधिक आहे. तसे झाले तर शस्त्र नीट सांभाळले नाही म्हणून विचारणा होते ती परवानाधारकाकडे, आणि ते शस्त्र पुढे कोणाच्या हाती पडते याची टोचणी जन्मभर राहते.

आपल्या गल्लीतला दुसरा प्रकार, म्हणजे माणसे झोपलेली असताना आत शिरणे, अधिक धोक्याचा आहे. तिथेही वेळेचा हिशेब बंदुकीच्या विरुद्ध जातो. हमी दिल्याप्रमाणे बंदूक कुलपात असणार आणि काडतुसे वेगळी ठेवलेली असणार. चोर स्वयंपाकघरात आल्यावर जाग आली, तर उठून चष्मा शोधायचा, किल्ली शोधायची, कपाट उघडायचे आणि बंदूक भरायची, एवढा अवकाश मिळत नाही. याला उपाय म्हणून बंदूक भरून उशाशी ठेवली, तर नातवंडे सुट्टीत राहायला येतात तेव्हा काय करायचे? दाटीने घरे असलेल्या वस्तीत आणखी एक गोष्ट आहे. चुकलेली गोळी लाकडी दारातून किंवा खिडकीतून सहज पलीकडे जाते आणि पलीकडे शेजाऱ्यांची खोली असते.

ज्येष्ठांच्या बाबतीत मला अधिक काळजी वाटते ती दारातून, ओळखीने आत येणाऱ्या माणसाची. घरकामाला, सेवेला किंवा दुरुस्तीला येणाऱ्यांची माहिती आणि छायाचित्र पोलीस ठाण्यात अवश्य द्या. मुंबई पोलिसांची ज्येष्ठ नागरिकांसाठी १०९० ही मदतवाहिनी आहे. आईबाबांची स्थानिक ठाण्यात एकटे राहणारे ज्येष्ठ म्हणून नोंद करून घ्या. १०९० आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे दोन्ही क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून पलंगाशेजारी लावा.

परळची_डॉक्टर यांचा प्रतिसाद:

आपल्या भावाचे म्हणणे तो जिथे राहतो तिथल्या परिस्थितीतून आले आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हेलर खटल्यात स्वसंरक्षणासाठी घरात बंदूक ठेवणे हा घटनेने दिलेला हक्क असल्याचे मान्य केले. त्याच देशात आर्थर केलरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये तीन परगण्यांतील घरात झालेल्या खुनांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. ज्या घरात बंदूक होती तिथे घरातच खून होण्याचा धोका सुमारे २.७ पट आढळला, आणि हा धोका मुख्यतः कुटुंबीयांकडून किंवा निकटच्या परिचितांकडून होता. त्या अभ्यासाच्या पद्धतीवर पुष्कळ टीका झाली. बंदूक धोक्यामुळे घेतली की धोका बंदुकीमुळे वाढला, हा वाद तिथे अजून चालू आहे. याच गटाच्या १९९२ च्या अभ्यासात घरातील बंदुकीचा आत्महत्येशी असलेला संबंध याहून ठळक दिसला होता.

हे मुद्दाम लिहिते आहे. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, मुले दूर असताना, वयाच्या सत्तरीत मन खचण्याचे प्रसंग येतात आणि घरातली माणसे त्याविषयी बोलत नाहीत. आपल्या बाबांविषयी मला काहीच ठाऊक नाही, पण ज्या घरात दोनच वृद्ध माणसे आहेत तिथे बंदूक नसणे हाच मला मोठा दिलासा वाटतो.

आरेचा_श्वानपालक यांचा प्रतिसाद:

ताई, मी कुत्र्याच्या बाजूने आहे, पण आपल्या आईंच्या मनात आहे त्या कुत्र्याच्या बाजूने नाही.

घराला हवा असतो तो वर्दी देणारा कुत्रा. चावणारा कुत्रा ही वेगळीच जबाबदारी आहे. माझी कुत्री आरेच्या वस्तीतून आणलेली गावठी आहे, उंचीने गुडघ्याच्या थोडी वर. रात्री फाटकाची कडी कोणी उचलली तर ती आधी मान न हलवता फक्त कान उभे करते, मग घशातल्या घशात गुरगुरते आणि ओळखीची पावले नसतील तर दाराशी जाऊन भुंकते. मी जागा होईपर्यंत आलेल्या माणसाला कळलेले असते की घर जागे झाले आहे. दूधवाल्यासाठी तिचे भुंकणे वेगळे आहे, मांजरासाठी वेगळे. सहवासाने हे भुंकणे ओळखता यायला लागते आणि आपल्या आईंना जी झोप हवी आहे ती यातूनच परत मिळेल, असे मला मनापासून वाटते.

धिप्पाड कुत्र्याचा आग्रह सोडावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पूर्ण वाढलेला अल्सेशियन तीसपस्तीस किलोंचा असतो. समोर मांजर दिसल्यावर त्याने साखळीला हिसका दिला, तर सत्तरीतला माणूस पडतो, आणि या वयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय हे डॉक्टर सांगतील. रॉटवायलर, पिटबुल यांच्या तर वाटेलाही जाऊ नये. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने ज्या २३ जातींवर बंदीचे पत्र काढले त्यांत या दोन्ही होत्या. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र एप्रिलमध्ये रद्द केले, पण नवख्या, वृद्ध मालकाच्या हाती असा कुत्रा देऊ नये हे सांगायला सरकारी पत्राची गरज नाही. सोलापूर-लातूरकडचा कारवान देखणा आणि चपळ असतो, पण त्याला धावायला रान लागते. लॅब्रेडोर गोड स्वभावाचा. तो बहुतेक चोरांचेही स्वागत करील.

माझी शिफारस दोनतीन वर्षांच्या, नसबंदी झालेल्या गावठी कुत्रीची आहे, जी एखाद्या प्राणिसंस्थेकडून किंवा गल्लीतूनच दत्तक घेता येईल. पिल्लू घेऊ नका. पिल्लाचे पहिले वर्ष तरुण माणसालाही थकवते, आणि ते पुढे कोणत्या स्वभावाचे होईल हे सांगता येत नाही. मोठ्या कुत्रीचा स्वभाव समोर दिसतो: ती अनोळखी माणसाला पाहून भुंकते की लपते, मुलांशी कशी वागते, साखळी किती ओढते. मुंबईची दमट हवाही तिला मानवलेली असते. पावसाळ्यात मात्र गोचीड आणि लेप्टो यांची काळजी घ्यावीच लागते. रेबीज आणि लेप्टोची लस दरवर्षी चुकवू नका.

आता मुलुंडच्या त्या भागाची खास गोष्ट. उद्यानाच्या कडेने बिबट्याचा वावर असतो आणि त्याच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे, हे तिथल्या अभ्यासांतून पुढे आलेले आहे. राखणीसाठी म्हणून कुत्रा रात्री अंगणात बांधून ठेवला, तर आपण बिबट्याला घराच्या उंबऱ्याशी बोलावतो आणि साखळीमुळे त्या मुक्या जिवाला पळताही येत नाही. आमच्याकडे असे घडलेले मी पाहिले आहे. कुत्रा रात्री घरात, शक्यतो मागच्या दाराजवळ झोपला पाहिजे. चोरही गुंगीचे औषध घातलेले मांस आत टाकतात. घरातल्या कुत्र्याला तो धोका फार कमी असतो. दिवसरात्र बांधून ठेवणे तसेही योग्य नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा, सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हा गुन्हाच मानतो.

हल्ला करायला शिकवून देतो म्हणणारे प्रशिक्षक भेटतील. त्यांना घरात घेऊ नका. शिकवलेला कुत्रा चोर आणि गॅस सिलिंडर घेऊन येणारा माणूस यांत फरक करीलच असे नाही, आणि तो कोणाला चावला तर कुत्रा सांभाळण्यातल्या निष्काळजीपणाबद्दल न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. महापालिकेचा कुत्र्याचा परवाना काढा. त्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला लागतो.

अनघा_दादर यांचा प्रतिसाद:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बिबट्याचा मुद्दा आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आला नव्हता, आणि आई तर कुत्र्यासाठी अंगणातच घर बांधायला निघाली होती. बंदुकीचा विषय बाबांनी भावाशी फोनवर बोलून संपवला आहे. दोन शंका उरल्या आहेत. आईबाबा मे महिन्यात आणि गणपतीत गावी जातात, तेव्हा कुत्रीचे काय करावे? आणि शेजारच्या घरातली ती जाळी इतक्या सहज कशी निघाली?

पार्ल्याचा_फॅब्रिकेटर यांचा प्रतिसाद:

जाळीचे मी सांगतो, कारण माझा हाच व्यवसाय आहे. खिडकीच्या चौकटीवर बाहेरून साध्या स्क्रूने बसवलेली जाळी पेचकसाने काढता येते. ती कितीही जाड गजांची असली तरी तिची ताकद त्या स्क्रूंइतकीच असते. जाळीचे पाय भिंतीत खोलवर गाडून सिमेंटने भरून घ्यावेत, आणि ते शक्य नसेल तर अँकर बोल्ट मारून त्यांची डोकी वेल्डिंगने बंद करावीत. कारागीर गेल्यावर प्रत्येक जोड हाताने हलवून पाहावा. मात्र एका खिडकीला आतून कुलूप लागणारी झडप ठेवायलाच हवी, कारण आग लागली तर सगळीकडून बंद केलेल्या घरातून बाहेर पडता येत नाही. त्या कुलपाची किल्ली खिडकीजवळच, पण बाहेरून हात पोहोचणार नाही अशा खिळ्यावर असावी आणि ती दोघांनाही अंधारात सापडली पाहिजे.

मागच्या दाराची नुसती कडी पुरेशी नाही. वर आणि खाली एकेक टॉवर बोल्ट लावा आणि चौकटीचे होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, भिंतीत सुटलेले नाहीत ना, हे पाहून घ्या. जुन्या बैठ्या घरांत वाळवीने चौकट आतून पोकळ झालेली असते आणि तसे असेल तर भारी कुलूपही एका लाथेत निखळते. मागच्या बोळात हालचालीने लागणारा दिवा बसवा. त्याला फार खर्च येत नाही.

आरेचा_श्वानपालक यांचा प्रतिसाद:

गावी जाताना कुत्रीला बरोबर नेणे सर्वांत चांगले. खाजगी गाडीने जात असाल तर त्यात अडचण नाही. ते शक्य नसेल तर तिला घरीच ठेवून, तिच्या ओळखीच्या माणसाने तिथे मुक्कामाला येणे हा दुसरा पर्याय आहे, म्हणजे घरही बंद राहत नाही. त्यासाठी तो माणूस आधीचे काही आठवडे तिला फिरवायला नेत असला पाहिजे. खरे तर तो माणूस आताच शोधा, कारण भर पावसात सकाळसंध्याकाळ तिला बाहेर नेणे बाबांना जमणार नाही. ही सोय झाल्याशिवाय कुत्री आणू नका.

गिरगावचा_वकील यांचा प्रतिसाद:

अनघाताई, आपल्या बाबांनी विषय संपवला तरी माळ्यावरची बंदूक तिथेच आहे. चुलतभावाने पोलीस ठाण्यात जाताना काकांचा मृत्यूचा दाखला आणि मूळ परवाना बरोबर न्यावा. बंदूक आणि काडतुसे नेण्याआधी ठाण्यात कळवावे आणि ते सांगतील त्याप्रमाणेच ती न्यावी. जमा केल्यावर बंदुकीचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहिलेली पोच घ्यावी. उशीर का झाला हे विचारले जाईल. जे घडले ते लेखी अर्जात सरळ सांगावे आणि शक्य असल्यास कणकवलीतील एखाद्या वकिलाला सोबत न्यावे.